बाण नसलेली टाइल

टाइल १ ↑

"हात खाली! आधी हात खाली घ्या!"

डाल्वा इतक्या जोरात ओरडली की समोरच्या खिडकीतलं मांजर उडी मारून आत पळालं. सकाळचे आठ वाजले होते. खडूच्या गल्लीत तीन वळचणींच्या घराला शिडी लावून एक माणूस वर चढला होता आणि त्याच्या हातातली छिन्नी नेमकी त्या टाइलच्या कडेला टेकली होती. त्या टाइलच्या! भिंतीवर तीन हजार एकशे बारा टाइल होत्या. डाल्वाने स्वतः मोजल्या होत्या, दोनदा. आणि या गृहस्थाला हात लावायला हीच सापडली?

त्याने खाली पाहिलं आणि तो दचकला. चोरी पकडली गेल्यावर माणूस दचकतो तसा नाही. मेलेली आजी बाजारात भेटल्यासारखा. छिन्नी हातातून सुटली, दगडी उंबऱ्यावर ठणकन् आपटली आणि घरंगळत डाल्वाच्या चपलेपाशी येऊन थांबली.

"तुम्ही..." तो म्हणाला.

"मी जुन्या इमारतींच्या कार्यालयातली. तुम्ही कोण? चोर?"

"चोर असतो तर खाली एक साथीदार उभा केला असता, बाई. तुम्ही कोपऱ्यावर दिसताच त्याने शीळ घातली असती."

"मग काय चाललंय?"

"ही उलटी लागलीये. सरळ करतोय."

साओ लुईस शहरात जी एक टाइल पाहायला आता लोक बोटीतून उतरून थेट चालत येत होते, जिच्या खाली पुढच्या शनिवारी पितळेची पाटी लागायची होती आणि त्या पाटीवर डाल्वाने लिहिलेला मजकूर असायचा होता, ती टाइल हा माणूस सरळ करत होता! भिंतीवरचं चित्र फिरलं म्हणून आपण सरळ करतो, तितक्या सहज.

"उतरा," ती म्हणाली. "आधी उतरा. मग बोलू."

तो उतरला. उंच, काळासावळा, केसांत चुना. नाव एवांद्रो. ठेकेदाराने वळचण दुरुस्तीला पाठवलेला गवंडी.

"वळचण वर छपराखाली आहे," डाल्वा म्हणाली. "ही टाइल पहिल्या मजल्यावर आहे."

"वाटेत लागली."

"वाटेत?"

"मी चढतो फार सावकाश."

हसू नये म्हणून डाल्वाने कपाळाला आठी घातली. आठी नीट बसली नाही.


टाइल २ ↑

ती टाइल अशी. प्रत्येक टाइलच्या एका कोपऱ्यात निळी पाकळी, समोरच्या कोपऱ्यात पिवळी. चार टाइलचे निळे कोपरे जुळले की निळं फूल, चार पिवळे जुळले की पिवळं. अख्ख्या भिंतीवर निळी-पिवळी फुलं, रांगेत, कवायतीसारखी. फक्त एका ठिकाणी, बाल्कनीच्या उजवीकडे, निळ्या फुलाला एक पाकळी पिवळी आणि शेजारच्या पिवळ्या फुलाला एक निळी.

चाळीस वर्षं ती जागा कापडाच्या दुकानाच्या पाटीमागे झाकलेली होती. सहा वर्षांपूर्वी पाटी काढली, आणि गेल्या वर्षी घराची मोजणी करताना डाल्वाला ती पिवळी पाकळी दिसली. त्या दिवशी ती रस्त्यातच मट्कन खाली बसली होती. कारण घर बांधलं तेव्हाच्या मालमत्तेच्या यादीत तिने एक नाव वाचलं होतं. चांदीच्या ताटल्या आणि दोन खेचरं यांच्या मधोमध लिहिलेलं: सिल्व्हेरियो, गवंडी. आडनाव नाही. विकत घेतलेल्या माणसाला आडनाव कशाला?

"आणि त्याने ही मुद्दाम उलटी लावली," ती एवांद्रोला सांगत होती. तिने आणलेली कॉफी घेऊन दोघं उंबऱ्यावर बसले होते. लिस्बनहून जहाजात आलेला तो दगड सकाळी सकाळी गार लागायचा. "मालकाच्या नाकासमोर. मी इथे होतो, एवढं सांगायला. माझे पणजोबाही गवंडीच. त्यांच्या हातचं काही म्हणता काही उरलेलं नाही. पण याच्या हातचं हे उरलं. समजतंय का तुम्हाला?"

एवांद्रो कॉफीच्या पेल्यात बघत होता.

"समजतंय," तो म्हणाला. मग पेल्यातला गाळ गोल फिरवत राहिला.

"तुम्ही इतके गप्प का?"

"पोकळ वाजते ती."

"काय?"

"टाइल. चुना धरलेला नाही. कधीतरी पडेल, कुणाच्या तरी डोक्यावर. ऐका." त्याने दारालगतची एक टाइल बोटाच्या पेराने वाजवली. टक्. मग तिचा हात धरला, म्हणजे मनगटाला दोन बोटं लावली एवढंच, आणि तिच्याच पेराने पुढची टाइल वाजवली. टक्. त्यापुढची. ढब.

"ही गेली," तो म्हणाला. "कानाला कळतं."

डाल्वाला भिंतीतलं काही ऐकू येत नव्हतं. ढब वाजत होतं ते दुसरीकडेच कुठेतरी.


टाइल ३ ↑

"वळचणी किती आहेत त्याच्या घराला?" झुलेइदे मावशीने विचारलं.

ती अंबाडीची पानं निवडत होती. आईमागे हिनेच डाल्वाला वाढवलं होतं, म्हणून कोणताही प्रश्न विचारायचा तिला हक्क होता. या गावात श्रीमंताच्या छपराखाली वळचणीच्या तीन रांगा, खाऊनपिऊन सुखी असेल त्याच्या दोन, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला वळचणच नाही, अशी पद्धत. निदान मावशीचं तरी तसं म्हणणं होतं.

"वळचण तो दुरुस्त करतो, मावशी."

"लोकांची! स्वतःची आहे का? दुसऱ्यांच्या छपराला तीन-तीन रांगा आणि स्वतःच्या घराला पत्रा."

"तुला कसं माहीत पत्रा आहे?"

"म्हणजे आहे!" मावशीने पान हवेत नाचवलं. "कॉफी घेऊन रोज जातेस ती वळचण बघायलाच ना?"

"तपासणी असते."

"हो का? माझ्या वेळी तपासणीला केस धुऊन जायची पद्धत नव्हती."


टाइल ४

(इथली टाइल निखळली आहे. चुन्यावर तिचा चौकोन तेवढा राहिलाय. रविवार, दुपारी चार. समुद्राकडच्या मैदानात भिंतीएवढे स्पीकर आणि संथ रेगे संगीत. या गावात रेगेवर सुटं कुणी नाचत नाही. जोडीने, बिलगून, पाय न उचलता नाचतात. त्याच्या सदऱ्याला चुन्याचा वास होता. "तुम्ही" कुठल्या गाण्यात गळून पडलं आणि "तू" कुठल्या गाण्यात आलं, ते दोघांनाही सांगता येणार नाही. बाकीचा तुकडा सापडलेला नाही. सापडला तरी इथे लावणार नाही.)


टाइल ५ ↓

(ही उलटी बसली आहे. शेवट वर आलाय.)

डाल्वा लाकडी जिना उतरत होती, दोन-दोन पायऱ्या एकदम. मागून हाक आली नाही. आली असती तरी तिने ऐकली नसती.

त्याच्या आधी ती म्हणाली होती, "कुणाला कळणार नाही? मला कळलंय! मी कुणीच नाही का?"

त्याच्या आधी तो म्हणाला होता, "मी तोंड उघडणार नाही, डाल्वा. शनिवारी पाटी लागू दे. तुझी नोकरी पक्की होऊ दे. कुणाला कळणार आहे?"

त्याच्या आधी ती खिडकीतून समुद्राकडे बघत राहिली होती. तीन वळचणींच्या घराच्या छपरावरच्या छोट्या खोलीत ते दोघं बसले होते. तिथून पूर्वी मालक जहाजं कधी येतात ते बघायचा. आज नुसतं पाणी दिसत होतं. डाल्वाला वाटलं, आपण बसलोय ती खोली कुणीतरी घरावरून उचलून बाजूला ठेवली आहे.

त्याच्या आधी तिने विचारलं होतं, "आणि चुकली कशी? सोळातली हीच कशी चुकली?" तो म्हणाला होता, "लक्ष नव्हतं." "कुठे होतं?" त्यावर त्याने सोड्याचा पेला तोंडाला लावला होता.

त्याच्या आधी त्याने सगळं सांगितलं होतं. कापडाच्या दुकानाची पाटी काढली तेव्हा तो परांचीवर होता. मागची भिंत ओल धरून फुगली होती. त्यांनी सोळा टाइल काढल्या, नवा चुना भरला आणि सोळा टाइल परत लावल्या. ठेकेदाराने कागदावर लिहिलं, फक्त पाटी काढली. परांची उतरल्यावर एवांद्रोने रस्त्यावरून वर पाहिलं, तर निळ्या फुलात एक पिवळी पाकळी. पंधरा नीट, एक उलटी.

त्याच्या आधी गुरुवारची साधी दुपार होती. ती हसत जिना चढत होती, हातात दोन पेले गुलाबी सोडा. तो म्हणाला, "डाल्वा, बस. ती टाइल सिल्व्हेरियोने नाही लावली. मी लावली."


टाइल ६ ↑

शुक्रवारी डाल्वाने कार्यालयात जाऊन औरेलियाबाईंना सगळं सांगितलं. औरेलियाबाई प्रमुख होत्या. चष्मा काढून पुसल्याशिवाय त्या वाईट बातमी ऐकत नसत. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"त्याला. मला. आता तुम्हाला."

"पाटी पितळेची आहे गं, डाल्वा. ओतून झाली."

"हो."

"सिल्व्हेरियो होता ना? खरंच होता? यादीत नाव आहे?"

"आहे."

"मग?" बाईंनी चष्मा लावला. "या सगळ्या गावात त्याच्या नावाची एवढी एकच पाटी होणार आहे. ती खोट्या टाइलखाली लागली तर त्याचं काय बिघडेल? विचार कर. मी तुला काही सांगत नाही. उद्या दहाला माईक तुझ्या हातात असेल, मी बाजूला उभी असेन."

डाल्वा घरी आली. मावशीने भात आणि अंबाडीचं कालवण वाढलं. डाल्वा ताटाकडे बघत राहिली. राग कुणाचा येतोय तेच तिला कळत नव्हतं. एवांद्रोचा? त्याने सांगितलं म्हणून, की सहा वर्षं सांगितलं नाही म्हणून? की वर्षभर रोज त्या भिंतीसमोर उभी राहून, दोनदा मोजून, आपल्याला हवं तेच बघत राहिलेल्या स्वतःचा?

"भांडलात?" मावशीने विचारलं.

"मावशी, एखाद्याने खरं सांगितलं तर त्याच्यावर चिडायचं का?"

"आधी चिडायचं," मावशी म्हणाली. "मग जेवायचं. मग बघायचं."


टाइल ७ ↑

शनिवारी खडूच्या गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाल्कन्यांतून लोक, पायऱ्यांवर लोक. ढोलवाले आले होते आणि मधूनच लाकडी टाळ्या, म्हणजे हातात धरायच्या दोन फळ्या, आपटून बघत होते. पाटीवर निळा कपडा. मावशी पहिल्या रांगेत, नवा झगा घालून. एवांद्रो कुठेच नव्हता. मग दिसला: सगळ्यांच्या मागे, कोपऱ्यावरच्या भिंतीला पाठ लावून, हातात टोपी.

डाल्वाने माईक घेतला.

"ही टाइल," ती म्हणाली, "सिल्व्हेरियोने उलटी लावलेली नाही."

ढोलवाल्याची लाकडी टाळी वर उचललेली, तशीच राहिली. मावशीने "अगं बाई!" म्हटलं ते माईकमधूनही ऐकू गेलं.

"सहा वर्षांपूर्वी दुरुस्तीत ती चुकून उलटी लागली. मी ती पाहिली आणि तिच्यावर गोष्ट रचली, कारण मला ती गोष्ट हवी होती. पण सिल्व्हेरियो होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी या भिंतीवर तीन हजार एकशे बारा टाइल लावल्या. सगळ्या बरोबर. त्यातली एकसुद्धा फिरलेली नाही. मी वर्षभर त्याचा हात चुकीत शोधत होते. तो..." तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. निळं, पिवळं, निळं, पिवळं, पार तिसऱ्या वळचणीपर्यंत. "तो बाकीच्या सगळ्यांत होता. चूक तेवढी आमच्या पिढीची."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळत नव्हतं. औरेलियाबाईंनी चष्मा काढला होता.

"आणि ती पोकळ वाजते," डाल्वा म्हणाली. "उद्या कुणाच्या डोक्यावर पडेल. म्हणून ती आत्ता, सगळ्यांसमोर, काढायची. ज्याने लावली त्यानेच. एवांद्रो!"

तीनशे माना मागे वळल्या. एवांद्रोचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"आत्ता नको," तो मागूनच म्हणाला. "नंतर काढू. सोमवारी..."

"आत्ता."

"डाल्वा, ऐक ना... लोक गेल्यावर..."

"का? काय आहे तिच्या मागे?"

तो टोपी मुरगळत राहिला. पण गर्दीनेच त्याला पुढे ढकललं, कुणीतरी शिडी आणली, कुणीतरी छिन्नी दिली, आणि वर न चढायला त्याच्याकडे कारण उरलं नाही. या वेळी तो खरोखरच फार सावकाश चढला. टाइलच्या कडेने छिन्नी फिरली. चुना फक्त चार कोपऱ्यांना होता, मध्ये पोकळ. टाइल अलगद सुटून त्याच्या तळहातावर आली. त्याने ती चटकन छातीशी धरली, मागची बाजू सदऱ्याकडे करून.

"इकडे दे," डाल्वा शिडीखालून म्हणाली.

"मोडेल."

"एवांद्रो. दे."

टाइल भिंतीवरून काढली की गवंडी तिच्या मागे सुताराच्या जाड पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितात. रांग, आकडा, आणि वरची बाजू कुठली ते दाखवणारा बाण. बाण नसेल तर ती कशी लावायची हे देवालाही सांगता येत नाही. डाल्वाने टाइल पालथी केली. लाल मातीवर काळी अक्षरं होती. रांग नऊ. आकडा चौदा. आणि बाण असायला हवा तिथे...

तिने वाचलं. तिला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. पुन्हा वाचलं.

*पिवळ्या छत्रीने आज वर बघितलं.*

डाल्वा पुन्हा एकदा भर रस्त्यात मट्कन खाली बसली. सहा वर्षांपूर्वी ती शिकत होती आणि रोज याच गल्लीतून जायची. ऊन असो, पाऊस असो, आईची पिवळी छत्री घेऊन. एकदा वरून चुन्याचा थेंब छत्रीवर पडला होता, म्हणून तिने मान वर केली होती. परांचीवर कुणीतरी होतं. नुसती सावली. तिने हात हलवला होता, आणि विसरून गेली होती.

"काय लिहिलंय?" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं.

"मोठ्याने वाच!" दुसरं कुणीतरी.

"वाचू नकोस," शिडीवरून एवांद्रो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पण मावशी तोवर येऊन डाल्वाच्या खांद्यावरून वाचून मोकळी झाली होती, आणि मावशीला माईकची गरज कधीच लागत नसे. "पिवळ्या छत्रीने आज वर बघितलं!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मग लाकडी टाळी खाली आली, दुसरी, तिसरी, ढोल सुरू झाला, आणि या खेपेला टाळ्या वाजवायच्या की नाही असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

"बाणाच्या जागी..." डाल्वा टाइलवर बोट ठेवत म्हणाली. "बाणाच्या जागी हे लिहिलंस? म्हणून उलटी लागली?"

"लक्ष नव्हतं म्हटलं ना."

"दीडशे वर्षांच्या टाइलवर!"

"मागच्या बाजूला..."

"आणि त्या दिवशी ती सरळ करायला आला होतास..."

"सरळ करायला, आणि पुसायला," तो शिडीवरून म्हणाला. "आज ना उद्या पडली असती. मग लोकांनी वाचलं असतं. मला वाटलं, त्याआधी गुपचूप काढू. छिन्नी लावली आणि खाली बघतो तर..." त्याने मान हलवली. "तूच. फक्त छत्री नव्हती."

मावशीने नाक ओढलं. "वळचण नसली तर नसली," ती औरेलियाबाईंना म्हणाली. "अक्षर चांगलं आहे."

औरेलियाबाईंनी चष्मा लावला, निळ्या कपड्याखालची पाटी बघितली, आणि सुस्कारा टाकला. "वितळवायला पाठवा ही," त्या म्हणाल्या. "सोमवारी नवा मजकूर दे, डाल्वा. तीन हजार एकशे बारा वाला. आणि लवकर दे. ओतणारा फार चेंगट आहे."


टाइल ८

मंगळवारी सकाळी आठ वाजता गल्लीत मांजर सोडून कुणी नव्हतं. एवांद्रो शिडीवर होता. डाल्वाने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती. खरं तर शिडी भिंतीला पक्की बांधलेली होती. वर चौकोनात ताजा चुना भरलेला होता.

"सरळ लावू की उलटी?"

डाल्वाने तीन रांगांच्या वळचणीकडे पाहिलं, भिंतीभर पसरलेल्या त्या बिनचूक फुलांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"उलटीच."

"बघ हं. शंभर वर्षांनी कुणीतरी येऊन यावर गोष्ट रचेल."

"म्हणून तर मागे सगळं नीट लिही. आजची तारीख. तुझं नाव. खाली माझंही. जुनं पुसू नकोस."

त्याने कानामागची पेन्सिल काढली. लिहिताना त्याची जीभ दातांत आली होती. सहा वर्षांपूर्वीही आली असणार.

"झालं," तो म्हणाला. "आणखी काही?"

"बाण."

"कुठे तोंड करून?"

"खाली," डाल्वा म्हणाली. "माझ्याकडे. कुणाला वाटायला नको, या वेळीही लक्ष नव्हतं."